कोयत्याची आकडी आणि सुरीचे म्यान

पनवेलहून रोह्याच्या दिशेने निघालेली गाडी कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका काही काळ खिडकीत खेळवीत ठेवते, रसायनीची धुरांडी मागे टाकते आणि झाडीने वेढलेल्या आपटा या लहानशा स्थानकात येऊन क्षणभर विसावते. चित्रपटवाल्यांना या स्थानकाची विशेष ओढ असल्यामुळे, ज्यांनी आपट्याच्या भूमीवर कधी पाऊल टाकलेले नाही अशा असंख्य लोकांनी त्याचा फलाट पडद्यावर पाहिलेला आहे. मी तेथे प्रथम उतरलो तेव्हा मात्र माझी दृष्टी खिळली ती मोळी घेऊन फलाटाच्या कडेने चाललेल्या एका वृद्ध गृहस्थाच्या कमरेवर. पाठीमागे, करगोट्याच्या किंचित वर, दोरीने बांधलेला लाकडाचा एक ठोकळा होता. त्या ठोकळ्याला खाच होती. आणि त्या खाचेत कोयता आपले वाकडे पाते उघडे टाकून निर्धास्तपणे लोंबत होता.

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत त्या वेळी स्वहस्ते शिवलेले सुरीचे एक चामडी म्यान होते आणि ते शिवण्यात माझे तीन रविवार खर्ची पडले होते. सुरीभोवती चामडे आणि चामड्याभोवती फडके, एवढा बंदोबस्त करून मी घरून निघालो होतो. आणि हा मनुष्य नागवे हत्यार पाठीशी बांधून, डोक्यावरचा भार सावरीत, माझ्याकडे ढुंकूनही न पाहता निघून गेला. कोकणातल्या माणसाला म्यान माहीत नव्हते असे म्हणावे, तर याच आपट्यापासून हाकेच्या अंतरावर कर्नाळ्यासारखा किल्ला उभा आहे आणि त्या किल्ल्यावरच्या शिबंदीने तलवारी काही हातात धरून झोप काढली नसेल. तेव्हा म्यान ठाऊक असूनही त्याने ते का घेतले नाही, हा प्रश्न माझ्या मनात उभा राहिला आणि त्याचा मागोवा घेता घेता म्यान या वस्तूविषयी जे समजले, ते येथे मांडीत आहे.

कोयत्याच्या त्या ठोकळ्याला आकडी म्हणतात. ती लाकडाची असते तशी लोखंडाचीही असते. वरवर पाहता ती म्यानाची दरिद्री बहीण वाटते. परंतु कोयत्याची आकृती समोर ठेवून विचार केला म्हणजे तिच्यातला शहाणपणा उमगतो. सुरीचे पाते सरळ असते आणि टोकाकडे निमुळते होत जाते, म्हणून ते ज्या तोंडाने म्यानात शिरते त्याच तोंडाने विनासायास बाहेर येते. कोयत्याचे पाते आतल्या बाजूला वळलेले, त्याची धार त्या वळणाच्या पोटात, आणि टोकाशी पुन्हा आकड्यासारखा बाक. त्याला म्यान करायचे तर त्याचे तोंड त्या सबंध बाकाएवढे रुंद ठेवावे लागेल, आणि तोंड तेवढे रुंद ठेवले की आतले हत्यार धरून ठेवण्याचा म्यानाचा गुणच नाहीसा होईल. त्यातून झाडावर चढलेल्या माणसाचा एक हात फांदीला जखडलेला असतो. दुसऱ्या हाताने, मागे न पाहता, कोयता काढता आला पाहिजे आणि तसाच परत अडकवता आला पाहिजे. आकडीत पाते अडकते आणि मूठ हाताशी राहते. यापेक्षा अधिक काही त्या कामाला नको आहे.

संस्कृतात म्यानाला कोश म्हणतात. द्रव्याचा साठा तोही कोश, शब्दांचा संग्रह तोही कोश, रेशमाचा किडा स्वतःभोवती विणतो तोही कोश आणि खड्गाचे आवरण तेही कोशच. जे मौल्यवान आहे त्याला पोटात घालून बसणारी वस्तू, एवढा अर्थ या सर्वांत समान आहे. आपल्या व्यवहारात मात्र हा शब्द त्या अर्थाने टिकला नाही. लष्करी पेशाबरोबर फारसी भाषेची जी मोठी फौज मराठीत उतरली तिच्यात म्यान आले, म्यानाच्या तोंडाशी बसणारे धातूचे मुहनाल आणि तळाशी बसणारे तहनाल आले, पात्याला पाणी देऊन लखलखीत करणारा शिकलगार आला आणि घोड्याचे जीन शिवणारा जीनगरही आला. तलवारीची म्याने हे या जीनगरांच्या हातचे काम. ज्या पागेत घोडी अधिक तेथे जीनगर अधिक, आणि जेथे जीनगर तेथे म्यानाची कला. म्हणजे ही कला घोड्याच्या पाठीवर बसून हिंडली असे म्हणण्यास हरकत नाही. घोडा देशावरच्या मोकळ्या माळाचा प्राणी. कोकणच्या खाचरांत आणि खाड्यांत त्याला काम थोडे, म्हणून त्याच्या साजाबरोबर येणाऱ्या कारागिरीलाही काम थोडे.

तलवारीचे म्यान म्हटले म्हणजे चामड्याची पिशवी डोळ्यांसमोर येते, पण वस्तुतः ते आतून लाकडाचे असते. दोन पातळ पट्ट्या पात्याच्या आकाराप्रमाणे आतून कोरून एकमेकींवर बसवायच्या आणि वरून चामडे किंवा मखमल ताणून चढवायची, असा तो घाट आहे. नेपाळी कुकरीचे म्यानही याच रीतीचे, आत लाकूड आणि बाहेर कातडे. उत्तरेकडे फिनलंडात सुरी कमरेला लावण्याची जुनी चाल आहे. तेथल्या चामडी म्यानाच्या पोटातही पात्यापुरती लाकडाची घडी बसवलेली आढळते. जपानी लोकांनी तर चामड्याला रजाच दिली आणि होनोकी नावाच्या मऊ लाकडाची म्याने घडविली. एवढ्या दूरदूरच्या कारागिरांना पाते आणि चामडे यांच्यामध्ये लाकूड घालावेसे का वाटले, याचे कारण रसायनशास्त्रातले आहे आणि ते पुढे यावयाचे आहे.

म्यान हे चामड्याआधी सालीचे होते, निदान एका ठिकाणी तरी होते याचा पुरावा हाती आहे. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात बर्फातून एका मनुष्याचे प्रेत बाहेर आले. ते सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे निघाले. त्याच्याजवळ गारगोटीच्या जातीच्या दगडाचे पाते आणि लाकडी मूठ असलेली एक लहानशी कट्यार होती आणि तिला म्यान होते, लिंडेन वृक्षाच्या अंतर्सालीच्या धाग्यांनी विणलेले. हा वृत्तान्त वाचला तेव्हा मला आपट्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आपट्याच्या झाडाची द्विदल पाने आपण दसऱ्याला सोने म्हणून लुटतो. परंतु त्याच झाडाच्या अंतर्सालीपासून चिवट वाख निघतो आणि रानातली माणसे त्याचा दोर वळीत आली आहेत. खंडेनवमीला शस्त्राची पूजा आणि दुसऱ्या दिवशी आपट्याची पूजा, हा योग आपल्या पूर्वजांनी काही म्यानाचा विचार करून जुळविलेला नाही. पण आल्प्समधल्या त्या माणसाला विचारले असते तर त्याला तो अगदी स्वाभाविक वाटला असता.

आता चामड्याकडे वळू. मेलेल्या जनावराचे काढलेले ते कातडे आणि कमावल्यानंतर होते ते चामडे, हा भेद भाषेनेच राखलेला आहे. कातड्याची वीण कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची असते. ओले राहिले तर ते कुजते आणि वाळले तर पत्र्यासारखे ताठ होते. वनस्पतींच्या सालींत, फळांत आणि लाकडांत जे तुरट द्रव्य असते ते या तंतूंना जाऊन बिलगले, म्हणजे कुजणेही थांबते आणि ताठरताही जाते. बाभळीची साल, हिरड्याचे फळ, तरवडाची साल आणि खैराचा कात ही आपल्याकडची तुरट द्रव्ये. यांतला कात आपट्याच्या आसमंताला विशेष जवळचा, कारण येथल्या डोंगरउतारांच्या वाड्यांवर राहणाऱ्या कातकरी समाजाचे नावच खैराचा कात काढण्याच्या व्यवसायावरून पडलेले आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळून, तो काढा आटवून आटवून, थिजवून जी वडी होते ती विड्यात पडते हे सर्वांना ठाऊक; पण कोळ्यांची जाळी कुजू नयेत म्हणून आणि कातडे कमावावे म्हणूनही तिचा उपयोग होत असे. हिरडा तर सह्याद्रीच्या रानांतून निघून विलायतेच्या चर्मालयांपर्यंत जाई. त्या व्यापारात मालाच्या प्रती ज्या बंदरांच्या आणि गावांच्या नावांनी ओळखल्या जात त्यांत भिमली आणि जबलपूर यांच्या पंक्तीला आपले वेंगुर्लेही होते. म्हणजे कातडे कमावण्याची सामग्री कोकणच्या रानात आणि तिच्या जोरावर चालणारी कारागिरी दुसरीकडे, असा हा विपरीत प्रकार आहे.

या उलट्या प्रवाहाला आपट्याजवळच एक दृष्टान्त सापडतो. लोणावळ्याच्या परिसरातले जे पाणी स्वभावतः इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे करीत बंगालच्या उपसागराला मिळावयाचे, ते टाटांच्या जलविद्युत योजनेने अडवून घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात पाडले, आणि १९१५ सालापासून ते पाताळगंगेत उतरून पश्चिम समुद्राकडे वाहू लागले. देशावरचे पाणी कोकणात येऊन वाहते, तर देशावरचे म्यान का येऊ नये, असा विचार करून मी नव्याने कामाला लागलो. पाण्याला घाट उतरताना काही शिकावे लागले नाही. मला शिकावे लागले.

पहिला धडा चामड्याच्या निवडीचा. आज बाजारात मिळणारे बहुसंख्य चामडे हिरड्या-बाभळीचे नसते, तर क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत सिद्ध झाली. आपल्या देशात तिचे प्रयोग मद्रासेत अल्फ्रेड चॅटर्टन या शिक्षणखात्यातील इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी केले, आणि त्यामागचा एक हेतू असा होता की विहिरीचे पाणी ओढणाऱ्या मोटेचे चामडे अधिक काळ टिकावे. पाण्यात सदैव भिजणाऱ्या वस्तूला क्रोमचे चामडे उत्तमच. ते मऊ असते, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आणते. परंतु म्यानाला ते कुचकामाचे, कारण त्याला आकार धरता येत नाही. ओले करून सुरीवर दाबले तरी वाळल्यावर ते पुन्हा आपल्या मूळच्या ढिलेपणावर येते. सालीने कमावलेले चामडे मात्र ओले असता मातीसारखे मऊ आणि वाळल्यावर लाकडासारखे घट्ट होते, आणि म्यानाचा सारा डाव या एका गुणावर उभा आहे. विकत घेताना दोहोंतला फरक ओळखण्याची सोपी खूण म्हणजे कापलेली कड पाहणे: सालीच्या चामड्याची कड बदामी, काताच्या रंगाच्या जवळची दिसते, तर क्रोमच्या चामड्याच्या गाभ्यात निळसर करडी झाक असते. कोल्हापुरी वहाणेचे चामडे या पहिल्या जातीचे. मुंबईत धारावीला चामड्याची जी पेठ आहे तेथे दोन्ही जातींचे मिळते, पण मागताना वहाणेच्या तळाचे चामडे असे स्पष्ट सांगावे, नाहीतर दुकानदार आपला नवखेपणा ताडून पिशवीचे मऊ चामडे गळ्यात मारतो. जाडी तीन ते साडेतीन मिलिमीटर हवी. अजूनही पुष्कळ कारागीर ती औंसात सांगतात. एक औंस म्हणजे एका इंचाचा चौसष्टावा भाग, सुमारे ०.४ मिलिमीटर, तेव्हा आठ-नऊ औंसांचे चामडे मागितले की काम भागते.

येथे एक विषयान्तर करणे मला आवश्यक वाटते. हे चामडे हाताळताना माझ्या घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर जी आठी पडली ती मी पाहिली आहे, आणि त्याच घरात खंडेनवमीला म्यानासकट तलवारीला हळदकुंकू लागत असे हेही मला आठवते. चामड्याची वस्तू देव्हाऱ्यासमोर चालते आणि ती घडविणारा हात मात्र उंबऱ्याबाहेर थांबतो, हा न्याय कोणत्या स्मृतीत बसतो ते तिचे अभिमानी जाणोत. याच जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात, महाडास, १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडून देण्यास सांगितले. हौशीने रविवारी चामडे शिवणाऱ्या माझ्यासारख्याने, ज्यांना हे काम हौसेने नव्हे तर जन्माने करावे लागले त्यांच्याकडून शिकताना, एवढे तरी स्मरणात ठेवावयास हवे.

माझे गुरू रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसणारे एक वृद्ध कारागीर होते. त्यांच्यापुढे रापी, आरी, मोगरी आणि पाण्याचे एक भांडे, एवढाच पसारा. रापी म्हणजे रुंद पात्याची चामडे कापण्याची सुरी. तिने कापताना ती आपल्याकडे ओढायची नसते, पुढे रेटायची असते, हे प्रथम हाताच्या बोटाला कळले आणि मग मला. त्यांनी सांगितले की आधी कागदावर सुरी ठेवून तिची कड आखा, मग सुरी उलटी ठेवून पुन्हा आखा, म्हणजे म्यान मिटल्यावर जे उघडेल ते डोळ्यांपुढे येईल. पाते जाड असेल तेवढी कागदाची आकृती वाढवावी लागते, आणि टिपेसाठी धारेच्या बाजूला बोटभर कड सोडावी लागते. ती सोडताना हात आखडता घेतला तर मागाहून वाढविता येत नाही. सढळ घेतला तर कापून टाकता येते. कागदाच्या नमुन्यावरून चामडे कापण्यापूर्वी तोच नमुना जाड पुठ्ठ्यावर कापून त्यात सुरी घालून पाहावी, ही त्यांची सूचना मी पहिल्या वेळी ऐकली नाही.

त्यांची आणखी एक सूचना मी ऐकली नव्हती, आणि तिच्यात म्यानाचे सारे मर्म होते. लोकांना वाटते की म्यानाचा शत्रू बाहेर आहे: पाऊस, धूळ, काट्याकुट्यांचा ओरखडा. खरा शत्रू आत असतो. सुरी म्यानात शिरताना तिची धार नेमकी त्या बाजूवरून घसरते जेथे दोन चामडी एकमेकांना शिवलेली असतात. म्हणजे ज्या दोऱ्याच्या भरवशावर म्यान उभे आहे तोच दोरा दर वेळी धारेच्या तोंडी दिला जातो. यावर उपाय म्हणजे दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, चामड्याची एक अरुंद पट्टी बसविणे. ही पट्टी पात्याच्या जाडीइतकी किंवा केसभर अधिक जाड असावी. मग धार येऊन टेकते ती पट्टीच्या कडेवर. ती कड झिजेल, पण टीप तिच्या पलीकडे सुखरूप राहील. माझ्या पहिल्या म्यानात ही पट्टी नव्हती. चवदा दिवस ते मोठ्या डौलात मिरविले, आणि पंधराव्या दिवशी आंबा कापून सुरी परत घालताना तिचे टोक टाके उसवीत बाहेर आले आणि माझ्या मांडीवरच्या विजारीतून पुढे गेले. जखम लहान होती. परंतु ती दाखविल्यावर गुरुजी हसले ते मात्र पुरते लक्षात राहिले.

आता टिपेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण हाताने शिवण्याला यंत्राहून श्रेष्ठ का मानावे याचे उत्तर येथे आहे, आणि ते भावनेचे नसून यंत्रशास्त्राचे आहे. शिवणयंत्रात दोन दोरे असतात, एक वरून येणारा आणि एक खालच्या रिळातला. प्रत्येक भोकात ते एकमेकांना अडकून परत आपापल्या बाजूला जातात. वरचा दोरा एका जागी तुटला की खालच्याला धरावयास कोणी उरत नाही आणि टीप ओळीने उसवू लागते. रस्त्यावरचा चांभार आपल्या खाचेच्या आरीने शिवतो तेव्हाही तत्त्वतः हेच घडते: तो आरी भोसकून खालच्या दोऱ्याचा फास वर ओढतो आणि त्यातून दुसरा दोरा पार करून घट्ट आवळतो. हे काम विलक्षण वेगाने होते, आणि तुटलेली वहाण दोन मिनिटांत जोडून देण्याला वेगच हवा. परंतु खोगीर शिवणाराची टीप निराळी. तिच्यात दोरा एकच, त्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून एक सुई डावीकडून उजवीकडे आणि दुसरी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे दर भोकात दोरा स्वतःलाच ओलांडून जातो. एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा त्याच भोकांतून धरून असतो. आणि दोऱ्याला मेण चोळलेले असल्यामुळे तुटलेले टोकही भोकातच चिकटून बसते. घोडेस्वाराचे जीन दौडीत उसवले तर मनुष्य जीवानिशी जातो, म्हणून ही टीप त्या धंद्यात जन्मली आणि तेथून म्यानाला मिळाली.

भोके सारख्या अंतरावर पडावीत म्हणून कर्कटकाने कडेला समांतर रेघ ओढून घ्यावी आणि तिच्यावर इंचाला सहा-सातच्या हिशेबाने खुणा कराव्यात. दोरा टिपेच्या लांबीच्या कित्येक पट घ्यावा लागतो. प्रथम तो मला उधळपट्टीचा वाटला, पण चामड्याची जाडी दर टाक्याला दोन वेळा ओलांडावयाची असल्यामुळे त्याचा फडशा केव्हा पडतो ते समजत नाही. सुया कधीही जोराने रेटू नयेत. वाट आरीने करावयाची आणि सुईने फक्त चालावयाचे. तोंडाशी आणि टोकाशी दोन-दोन टाके परत मागे घ्यावेत, कारण सुरी आत-बाहेर होताना सर्वांत अधिक ताण तेथेच येतो. हे सारे लिहावयास चार ओळी लागल्या. करावयास मला एक संपूर्ण रविवार लागला आणि दोन्ही करंगळ्यांवर दोऱ्याचे वळ उठले.

टीप पुरी झाली की चामड्याला सुरीची ओळख करून द्यावयाची. शिवलेले म्यान पाण्यात बुडवावे. त्यातून बुडबुडे येणे थांबले की बाहेर काढून, वरचा ओला काळेपणा जाऊन मूळ रंग परत डोकावू लागेपर्यंत तसेच ठेवावे. मग सुरी आत सरकवून, शिंगाच्या किंवा गुळगुळीत लाकडाच्या तुकड्याने, मुठीच्या उंचवट्याभोवती आणि पात्याच्या पाठीशी चामडे दाबीत जावे. काही वेळाने सुरीची आकृती बाहेरून स्पष्ट उमटते, आणि वाळल्यावर तीच आकृती तिला धरून ठेवते. उलटे केले तरी सुरी पडत नाही, आणि ओढली तर पहिल्या बोटभर अंतरावर अडून मग एकदम सुटते. ज्यांचा या घट्टपणावर विश्वास नाही ते मुठीभोवती पट्टी आणि टिचबटन लावतात. ते वाईट नव्हे, पण चांगल्या म्यानाला त्याची गरज पडू नये असे माझे मत आहे.

येथेच ते लाकडाचे कारण समजते. हिरड्याचे पाणी आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते, हे आपले बखरकार आणि फडावरचे कारकून जाणत होते. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि हिरड्यातले तुरट द्रव्य त्याच्याशी मिळून काळे होते. ओल्या, सालीने कमावलेल्या चामड्यात उघडे पोलादी पाते घालणे म्हणजे म्यानातच शाईचा कारखाना काढणे होय. पात्यावर निळे-काळे डाग उठतात, चामड्यावरही उठतात, आणि ते जात नाहीत. म्हणून घडविताना पात्याला तेल लावून प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळावे. आणि काम झाल्यावरही, सुरी प्रवासापुरती म्यानात असावी, मुक्कामाला पोहोचली की बाहेर काढून ठेवावी. आत लाकूड घालणारे नेपाळी, फिनलंडचे आणि आपले जुने कारागीर या काळिम्याला ओळखून होते.

वाळविण्याची घाई हा या कामातला सर्वांत महाग पडणारा दोष. ओले कातडे साठ-पासष्ट अंशांच्या उष्णतेला आकसून गोळा होते. सालीने कमावल्यावर ही मर्यादा वाढते खरी, पण सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे फारशी जात नाही, आणि शेगडीजवळ ठेवलेले म्यान तेथवर केव्हा पोहोचते ते आपल्याला कळत नाही. सावलीत, वाऱ्यावर, दोन दिवस, हा पुण्याकडचा हिशेब आहे. आपट्याच्या बाजूला पावसाळ्यात दोन दिवसांचे चार होतात आणि चौथ्या दिवशी बुरशीची पांढरी साय धरते. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या हवेत चामडे म्हणजे पाणी पिऊन बसलेला स्पंज, आणि त्याच्या कुशीत ठेवलेले पाते म्हणजे गंजाला दिलेले आमंत्रण. आकडीत लोंबणारा कोयता भिजतो आणि वाऱ्याने लगेच कोरडा होतो. म्यानातली सुरी भिजत नाही, पण एकदा ओल आत शिरली की ती बाहेर पडत नाही.

तरीही पावसाच्या आधी चामड्याला स्निग्ध करून ठेवले तर पुष्कळ निभावते. करंजाचे तेल या कामाला जुने; त्याचा वास मात्र ज्याला सोसेल त्याने सोसावा. मी कोकमाच्या बियांचे तेल, ज्याची थिजलेली वडी थंडीत टाचांच्या भेगांना लावतात, ते आणि मधमाश्यांचे मेण समभाग वितळवून, कोमट असता फडक्याने चोळले. ते चामड्याच्या छिद्रांत बसले आणि वरून पाण्याचे थेंब ओघळून जाऊ लागले. चोळणे थोडेच असावे. अतिशय केले तर घडविलेला आकार मऊ पडतो. कडा प्रथम रापीने समतल करून, ओल्या करून, लाकडाने घासाव्यात. घासता घासता तीन पदरांची सीमारेषा नाहीशी होऊन कड एकजीव, शिंगासारखी चमकू लागते.

सुरीसंबंधी कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांची गणना शस्त्रांत होते. घरगुती, शेतकीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाच्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. शिवाय पोलिसांचा मनाई हुकूम जारी असता हत्यार घेऊन हिंडण्यास बंदी असते, आणि त्या वेळी आपले म्यान किती सुबक आहे ही सबब चालत नाही. माझी सुरी चार इंचांची, फळे कापण्याची.

दुसऱ्या वेळी आपट्याला गेलो ते मधली पट्टी असलेले, तेल-मेण पाजलेले नवे म्यान घेऊन. योगायोगाने ते कोयतेवाले गृहस्थ स्थानकाबाहेर झाडाच्या सावलीत बसलेले होते. "बाबा, जरा बघता का?" म्हणून मी म्यान त्यांच्या हाती दिले. त्यांनी सुरी दोनदा काढली, दोनदा घातली, टिपेवरून नख फिरविले आणि "टाका बरा हाय," एवढे म्हणाले. मग म्यान उलटे करून त्याच्या बंद टोकाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"दादा, तोंडातून पानी आत गेलं, तं भाईर कुठून येल?"

मी पाहिले, सबंध टीप एकसारखी, घट्ट, अभिमानास्पद होती आणि टोकाशी सुईच्या अग्राएवढीही वाट नव्हती. त्यांनी आपला कोयता आकडीतून काढला, त्याचे टोक म्यानाच्या तळाशी, शेवटच्या दोन टाक्यांच्या मध्ये टेकविले, माझ्याकडे विचारल्यासारखे पाहिले, आणि मी मान हलविताच मनगट एकदा फिरवून तांदळाएवढे भोक पाडले.